प्रश्न कोणाचा? मगनवाडी, बाबासाहेब आणि यंत्रविद्येतील संशोधन

मी इतिहास शिकवतो. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एका साध्या महाविद्यालयात. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आजोबा हातमागावर जाडेभरडे कापड विणत, वडील गिरणीत बदली कामगार होते. तेव्हा यंत्रविद्या आणि संगणकशास्त्र यांतील संशोधनाविषयी मी लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

आमच्याच वस्तीतील एक मुलगी संगणकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिची आई कापूस वेचायला जाते. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, मी सोडून देऊ का?" मला वाटले अधिछात्रवृत्तीचे पैसे रखडले असतील. ते रखडलेच होते. पण कारण दुसरे होते. तिने संशोधनासाठी एक विषय मांडला होता. कापूस वेचणाऱ्या बायका दिवसाअखेरी आपापले किलो तोंडी सांगतात, मुकादम ते वहीत लिहितो, आणि आठवड्याच्या हिशेबात दोनचार किलो कुठे जातात ते कोणाला कळत नाही. बाई बोलली की मोबाईलने तिचे बोलणे ओळखून नोंद ठेवावी, एवढेच तिला करायचे होते. अडचण अशी की बोलणे ओळखणारी आजची यंत्रणा पुस्तकी मराठीवर तयार झालेली. आमच्या वऱ्हाडी बायांचे बोलणे ऐकले की ती गडबडते. ही गडबड का होते आणि थोड्या नमुन्यांवर ती कशी दूर करता येईल, हा तिचा प्रश्न. मार्गदर्शक म्हणाले, "हा संशोधनाचा विषय नाही. ही समाजसेवा झाली." आणि त्यांनी तिला आपल्या चालू कामातील एक तुकडा देऊ केला.

संशोधनाचा विषय कोणता आणि समाजसेवा कोणती, हे कोण ठरवतो? हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचा इतिहास, आश्चर्य वाटेल, पण आमच्या वर्ध्यातच फार मोठा आहे.

वर्धा म्हटले की सेवाग्राम, बापूकुटी, चरखा आणि प्रार्थना एवढेच लोकांना आठवते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत त्याने बस्तान मांडले, हेही पुष्कळांना माहीत असते. १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. पण मगनवाडी ही एक प्रयोगशाळा होती, ही गोष्ट आपण विसरतो. तेथे सुधारलेली तेलघाणी तयार झाली. ती पुढे वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. धूर कमी करणारी मगनचूल, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, हातकागद, गूळ, मधमाशा अशा कितीतरी गोष्टींवर तेथे प्रयोग झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आजही ते उभे आहे.

या सगळ्याच्या आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या बक्षिसाच्या अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. यंत्र हलके असावे, खेड्यातील साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे. एका बाईने आठ तास चालवले तरी तिला फार श्रम पडू नयेत. आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार यार्ड सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. ते वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा.

कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकाला या अटी दाखवा. तो म्हणेल, हे उत्तम संशोधन-प्रस्तावाचे लक्षण आहे. वापरणारा कोण, जागा कोणती, किती उत्पादन, किती खर्च, किती आयुष्य, सगळे मोजून मांडलेले. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकांबरनाथांच्या रचनेवरून अंबर चरखा आला आणि १९५५-५६ च्या सुमारास तो सरकारी योजनांत शिरला. पण १९२९ च्या त्या अटी अपुऱ्या पडल्या म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. शेवटच्या माणसासाठी यंत्र घडवणे हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, तो हजारो-लाखोंच्या बक्षिसाला पात्र असतो, हे त्यांनी मान्य केले होते. त्या काळी त्याला कोणी "ही समाजसेवा झाली" असे म्हटले नाही.

मग आपण टाळ्या वाजवून थांबायचे का? नाही. कारण त्या अटींत एक रिकामी जागा आहे. अटी लिहिणारे हे चरखा संघाचे पुढारी होते. सूत कातणारी बाई अटीत होती, परीक्षकांत नव्हती. तिच्या श्रमाचा विचार झाला, तिचा विचार विचारला गेला नाही. वर्ध्याच्या सगळ्या प्रयोगांत मला ही रिकामी जागा दिसते.

नालवाडीचे उदाहरण घ्या. वर्ध्याला लागून असलेली ही अस्पृश्यांची वस्ती. १९३० नंतरच्या दशकात तेथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे नीट कसे सोलावे, चुन्याच्या पाण्यात भिजवून केस कसे काढावेत, बाभळीच्या सालीच्या काढ्यात ते किती दिवस ठेवावे, हाडा-मांसाचे खत कसे करावे, याचा तेथे पद्धतशीर अभ्यास झाला. उच्चवर्णीय माणसाने कातडे हाताळावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ती मी नाकारत नाही. पण काळ लक्षात घ्या. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले होते की मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, ही घाणेरडी कामे टाका. इकडे काही वर्षांतच वर्ध्यात त्याच कामाला विज्ञानाची जोड दिली जात होती. एका बाजूने सांगणे होते, काम टाका. दुसऱ्या बाजूने सांगणे होते, काम सुधारा. ज्याला काम टाकता येत नाही त्याच्यासाठी सुधारणा ही बेडी घासून गुळगुळीत करण्यासारखी असते. आणि ज्याने ते काम स्वेच्छेने हाती घेतले आहे त्याच्यासाठी ती तपश्चर्या असते. दोघांच्या हातात कातडे तेच, हौद तोच, काढा तोच. अर्थ मात्र वेगळा. हा अर्थ प्रयोगशाळेच्या वहीत उमटत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण ही नई तालीमची कल्पना पुढे आली. ज्यांच्या मुलांनी पिढ्यान्पिढ्या फक्त पोथी पाहिली त्यांच्यासाठी हातात टकळी येणे ही क्रांती असेल. पण ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या हातात हस्तव्यवसायच होता, पोथीला हात लावला तर शिक्षा होती, त्या आमच्या मुलांना क्रांती कशात दिसणार? त्यांना पाटी हवी होती. माझे आजोबा मागावर बसत. त्यांनी वडिलांना मागावर बसवले नाही, शाळेत घातले. त्यांना नई तालीम माहीत नव्हती, पण आपल्याला काय नको हे नेमके माहीत होते.

आता वाचकांचे लक्ष एका योगायोगाकडे वेधतो. मगनवाडीचे प्रमुख जे. सी. कुमारप्पा हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांचे विद्यार्थी. भारताचे दारिद्र्य आणि सरकारी अर्थव्यवहार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९२९ च्या सुमारास ते परतले आणि गांधीजींना येऊन मिळाले. याच विद्यापीठात, याच सेलिग्मन यांच्या हाताखाली, त्यांच्या आधी दहा-बारा वर्षे एका महार सुभेदाराचा मुलगा शिकून गेला होता. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबियात होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना होती.

गुरू एक, विद्यापीठ एक, विषयही जवळजवळ एक: रयतेकडून घेतलेला पैसा कुठे जातो? दोघेही इंग्रजी राजवटीचे कठोर टीकाकार. आणि तरीही यंत्राच्या प्रश्नावर दोघे दोन टोकांना गेले. कुमारप्पांनी "ग्रामोद्योग चळवळ कशासाठी?" या अर्थाचे इंग्रजी पुस्तक १९३६ साली लिहिले. मोठे यंत्र सत्ता एका जागी गोळा करते, माल आणि बाजार यांसाठी हिंसा करते, निसर्ग खाऊन टाकते, असे त्यांचे म्हणणे. आज हवापाण्याची जी दशा झाली आहे ती पाहता त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या ग्रंथात याला उत्तर दिले. त्यांच्या मांडणीचा आशय असा: माणसाला जनावरासारखे राबण्यापासून सोडवून विचाराला, संस्कृतीला फुरसत मिळवून द्यायची तर यंत्राला पर्याय नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्राची फळे मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे. बदलायची ती रचना.

एकाच गुरूच्या दोन शिष्यांत हा फरक कुठून आला? माझ्या मते तो ग्रंथांतून आला नाही. कुमारप्पा हे तंजावरकडील सुशिक्षित ख्रिस्ती घराण्यातले, लंडनला हिशेबतपासनीस होऊन आलेले. फुरसत त्यांच्या घरात आधीच होती. त्यांना तिची किंमत मोजावी लागली नव्हती, म्हणून तिचा त्याग करणे त्यांना थोर वाटले. बाबासाहेबांना माहीत होते की ज्या खेड्याचे गोडवे गायले जातात त्या खेड्यात फुरसत कोणाला असते आणि कोणाच्या पाठीवर असते. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले त्यामागे हाच अनुभव होता.

गिरणीच्या यंत्राने तरी आम्हाला सोडवले काय? पूर्ण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि आमच्या ओठांना लागलेला धागा सवर्ण विणकऱ्याला चालत नसे. विदर्भातील महार पिढीजात विणकर, तरी यंत्रमाग आला की त्याची जात आड आली! १९२८-२९ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे यंत्र आपोआप समता आणत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पण गिरणीने वेतन दिले, महिना दिला, गावाबाहेरचा पत्ता दिला. हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांनी आमच्या जिल्ह्यातील कितीतरी घरांना बलुत्यातून बाहेर काढले. माझे घर त्यांतलेच.

याच ठिकाणी बाबासाहेबांचे एक काम मला फार महत्त्वाचे वाटते आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हावी तितकी होत नाही. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात नोकऱ्या होत्या, राजकीय हक्क होते. पण शिक्षणाविषयी त्यांनी जे मागितले ते वाचून मी थबकलो. त्यांचे म्हणणे असे की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही. त्यांना लागेल ते विज्ञान आणि तंत्रविद्येचे वरच्या दर्जाचे शिक्षण, आणि ते गरिबाला सरकारी मदतीशिवाय परवडणारे नाही. त्यांनी देशातील आणि परदेशातील अशा शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४४ साली सरकारने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद केली. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ तेथे आहे. परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झाली.

एका चरख्यासाठी एक लाख, आणि सबंध समाजाच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख. हे दोन आकडे मी शेजारी ठेवतो, कोणाला कमी लेखण्यासाठी नव्हे. पहिल्यात शेवटच्या माणसासाठी यंत्र करण्याची इच्छा आहे. दुसऱ्यात शेवटच्या माणसानेच यंत्र करावे ही इच्छा आहे. फरक एवढाच, आणि सगळा फरक याच्यातच आहे. याच मंत्रिपदाच्या काळात दामोदर खोऱ्याच्या योजनेची, केंद्रीय जलमार्ग व पाटबंधारे आयोगाची, वीज मंडळाच्या आखणीची कामे बाबासाहेबांच्या खात्याने केली. धरण आणि वीज यांकडे पाहताना इंजिनियर लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलू शकणारा नेता आपला होता, हे आपण अभिमानाने सांगतो; पण त्या खुर्चीशेजारी आपली मुले इंजिनियर म्हणून बसावीत ही त्याची तयारी मात्र विसरतो.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? मगनवाडीत १९५५ साली जमनालाल बजाज यांच्या नावाने ग्रामोद्योगांची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली. या शतकात आय.आय.टी. दिल्लीच्या सहकार्याने तिचे रूप बदलले आणि २००८ पासून ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था म्हणून केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली काम करू लागली. सौरऊर्जेवर चालणारा चरखा तिने पुढे आणला. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत १९७४ साली खेड्यांसाठी तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वर्ध्यातही त्याच दशकात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे राहिले. म्हणजे गरिबासाठी यंत्र, हा विचार मेला नाही. तो एका बाजूला, "ग्रामीण" या पाटीखाली, चालत राहिला.

दुसऱ्या बाजूला संगणक आला. १९६३ साली आय.आय.टी. कानपूरला आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले, आणि त्या दशकातच तेथे संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. विणकराच्या नातवाला येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. यंत्राला छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी आज्ञा देण्याची युक्ती प्रथम कापडावर नक्षी विणण्यासाठी वापरली गेली. फ्रान्समधील जॅकार्डचा माग १८०४ च्या सुमाराचा. त्यावरून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्ते घेतले. कानपूरच्या त्या पहिल्या संगणकालाही आज्ञा दिल्या जात त्या पत्त्यांनीच. ताणाबाणा मोजणाऱ्या हातांना गणित येत नव्हते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा मागावर बसून पाहावे.

त्याच कानपूरमध्ये १९८० च्या दशकात देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले. त्यात मोहन तांबे हे मराठी नाव महत्त्वाचे आहे. ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली निघालेल्या संस्थेत गेले आणि जिस्ट या नावाने प्रसिद्ध झाले. आज तुम्ही-आम्ही संगणकावर मराठी लिहितो त्यामागे अशा संशोधनाचा वाटा आहे. लिपी संगणकात घालणे हा संशोधनाचा विषय ठरला, कारण लिहू-वाचू शकणाऱ्यांना तो प्रश्न पडला. मग बोली संगणकात घालणे हा संशोधनाचा विषय का नाही? ज्यांच्याजवळ लिपी नाही, फक्त वाणी आहे, त्यांचा प्रश्न समाजसेवेत का ढकलायचा?

प्रश्न कोणाला पडतो यावर उत्तर केव्हा सापडते हे अवलंबून असते. या देशाने १९७५ साली आर्यभट्ट अवकाशात पाठवला. गटाराच्या तोंडातून माणसाऐवजी यंत्र उतरवणारे बँडिकूट हे उपकरण केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ साली वापरात आणले. मधली त्रेचाळीस वर्षे आमची माणसे त्या तोंडातून उतरत आणि गुदमरून मरत राहिली. १९९३ आणि २०१३ चे दोन कायदे झाले. यंत्र करणे अशक्य होते काय? ते अवकाशयानापेक्षा अवघड होते काय? अवघड नव्हते. ज्यांच्या घरचे कोणी त्या खड्ड्यात उतरत नव्हते, त्यांना तो "प्रॉब्लेम" दिसत नव्हता, इतकेच.

आणि ज्यांना दिसतो ते प्रयोगशाळेत किती आहेत? २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत देशातील आय.आय.टीं.मध्ये पीएच.डी.ला जे प्रवेश झाले त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण ९.१ टक्के आणि जमातींचे २.१ टक्के होते. राखीव प्रमाण आहे १५ आणि साडेसात टक्के. २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली, तिने हजारो मुले-मुली संशोधनात आली, हे खरे. पण २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आमच्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर आठवड्यामागून आठवडे धरणे धरावे लागले, हेही खरे. २०२२ साली परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय समाज, संस्कृती व इतिहास यांवरील विषय वगळले गेले. पैसे देऊ, पण प्रश्न आम्ही सांगू तो विचारा, असाच याचा अर्थ होतो. हैदराबादचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. तोही संशोधक विद्यार्थी होता. विज्ञानावर लिहिण्याचे त्याचे स्वप्न होते.

इथवर प्रस्थापितांचा हिशेब झाला. आता थोडा आपलाही करू. दलित साहित्याने गेल्या पन्नास वर्षांत कवितेत, आत्मकथनात, कथेत विद्रोह केला आणि मराठीचा चेहरा बदलला. मी स्वतः त्या पुस्तकांवर वाढलो. पण आपल्या परिसंवादांत, विशेषांकांत, संमेलनांत यंत्रविद्या आणि विज्ञान यांवर किती बोलले गेले? आपल्यातला मुलगा इंजिनियर झाला की आपण त्याचा सत्कार करतो आणि मग तो आपल्या चळवळीतून नाहीसा झाला म्हणून त्याच्यावर रागावतो. तो प्रयोगशाळेत एकटा काय सोसतो, त्याच्या विषयाला कोण हसते, हे आपण कधी विचारत नाही. १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी ज्या शिक्षणावर बोट ठेवले होते त्याकडे आपणही अर्धीच पाठ फिरवली. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली निघाले तेव्हा त्याच्या नावात कला आणि विज्ञान दोन्ही होते. आपण कला जवळ केली.

असे म्हणताना मी कुमारप्पांना सोडून देत नाही. आपल्यातले काही मित्र वर्धा म्हटले की हेटाळणीने हसतात. मला वाटते ती चूक आहे. मोठ्या कंपनीच्या यंत्राने कापूस वेचणाऱ्या बाईचे किलो मोजायचे, तिचा आवाजच कंपनीने विकत घ्यायचा, आणि आम्ही त्याला आधुनिकता म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे बाबासाहेबांना अभिप्रेत नव्हते. यंत्र कोणाच्या मालकीचे, त्याचे फळ कोणाच्या पदरी, हा प्रश्न मगनवाडीने विचारला होता. जात नावाचा प्रश्न मगनवाडीने टाळला. आपल्याला दोन्ही प्रश्न एका वेळी विचारायचे आहेत. हे काम सेलिग्मनच्या दोन शिष्यांनी अर्धे अर्धे करून ठेवले आहे. जोडणी आपल्याकडे आली आहे.

पावसाळ्याच्या तोंडी मी त्या मुलीला घेऊन मगन संग्रहालयात गेलो. सोबत १९२९ च्या अटी मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. चरख्यांच्या रांगेपुढे उभी राहून तिने त्या वाचल्या. मग म्हणाली, "दादा, यात बाई किती वेळ काम करेल ते लिहिलं आहे. तिला काय पाहिजे ते कोणी विचारलं होतं का जी?" मी म्हटले, "नाही. ते तुला विचारायचे आहे."

तिने विषय सोडलेला नाही. मार्गदर्शकांनी दिलेला तुकडाही ती करते आहे, कारण अधिछात्रवृत्ती त्यावर अवलंबून आहे आणि घरात तिच्या पैशाकडे डोळे लागलेले आहेत. संध्याकाळी मात्र वस्तीतल्या बायांना गोळा करून ती त्यांचे बोलणे टिपून घेते. तिच्या आईला त्यात काही कळत नाही. पण आपले बोलणे कोणी जपून ठेवते आहे याचे तिला नवल वाटते. प्रबंधाच्या रूपरेषेत हे काम बसेल की नाही, ते पुढच्या बैठकीत ठरेल. तिने रूपरेषा पुन्हा लिहिली आहे, आणि पहिल्या पानावर चरखा संघासारख्याच अटी घातल्या आहेत: वापरणारी कोण, तिची भाषा कोणती, तिच्याजवळचा मोबाईल किती रुपयांचा, चूक झाली तर नुकसान कोणाचे. एक अट मात्र तिने नव्याने घातली आहे. यंत्र बरोबर चालते की नाही हे वेचणाऱ्या बायाच तपासतील.

ही अट मान्य होते की नाही, यावर माझे लक्ष आहे. वाचकांपैकी जे महाविद्यालयांत शिकवतात, विद्यापीठांच्या संशोधन समित्यांवर बसतात, त्यांनीही लक्ष ठेवावे. तिच्यासारखी कोणी रूपरेषा घेऊन तुमच्या टेबलापुढे उभी राहिली, तर "हा संशोधनाचा विषय नाही" असे म्हणण्यापूर्वी एवढे आठवावे की एकदा झोपडीतल्या बाईच्या आठ तासांसाठी एक लाखाचे बक्षीस लागले होते, आणि ते अजून कोणी जिंकलेले नाही.